नाल्याच्या कोपऱ्यावर एक टी

आमच्या ग्रामपंचायतीच्या सभेला सात पुरुष आणि दोन सह्या हजर असत. पुरुष स्वतः येत. सह्या सकाळीच झालेल्या असत. शिपाई हजेरीचं बुक काखोटीला मारून आधी सरपंचांच्या चुलतीकडे जाई, तिथं अंगठा घेई आणि मग आमच्या दारात येई. मी ओले हात पदराला पुसून सही करी. सभा कशासाठी आहे हे विचारायची पद्धत नव्हती. पंचायतीत दोन बायका असाव्यात असा कायदा होता आणि गाव तो पाळत होतं.

काळ आणीबाणी उठल्यानंतरचा. गाव आग्रा रोडपासून थोडं आत, पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे. मी तिथं लग्न होऊन आले होते. नाशिकला मॅट्रिक झालेली सून म्हणून माझं नाव सदस्यांत घातलं गेलं. पहिलं वर्ष मीही घरीच सही केली. दुसऱ्या वर्षी वावटळीत शाळेच्या एका खोलीचे पत्रे उडाले. दोन सभा झाल्या तरी तो विषय निघाला नाही, तेव्हा मी शिपायाला म्हटलं, बुक घेऊन जा, मी तिकडेच येऊन सही करते. सासऱ्यांनी हरकत घेतली नाही. पत्रे बसले. मी जात राहिले.

पंचायतीचं ऑफिस म्हणजे चावडीला लागून एक खोली. एक टेबल, एक बाक, चार खुर्च्या, लोखंडी कपाट. रस्त्यावरचे दिवे, गटारी, कोंडवाडा, जन्ममृत्यूच्या नोंदी, घरपट्टी आणि आठवड्याच्या बाजाराची वसुली एवढा कारभार त्या खोलीतून चाले. सरपंच पन्नाशीचे होते. सगळे त्यांना नाना म्हणत. नळयोजना त्यांनीच आणली होती. जिल्हा परिषदेच्या पायऱ्या त्यांनी वर्षानुवर्षं झिजवल्या होत्या आणि ते खोटं नव्हतं. नदीकाठी विहीर, शाळेमागच्या टेकाडावर टाकी, तिथून गावभर बिडाचे पाइप आणि पाच ठिकाणी सार्वजनिक नळ, अशी ती योजना. पाइपांसाठी चर खणायचं काम चालू होतं.

पाचांपैकी एकही नळ नाल्यापलीकडे नव्हता. पलीकडे बौद्ध वस्ती होती, पंचवीस-तीस घरांची. वस्तीतल्या बायका एका शेतकऱ्याच्या विहिरीवर पाणी भरत. मोटार चालू असेल तेव्हा पाटातून भरून घ्यायचं, अशी ती सोय. त्या हिवाळ्यात शेतकऱ्याने द्राक्षबाग लावली आणि वस्तीला निरोप धाडला, चैत्रापासून पाणी मिळणार नाही. बागेलाच पुरायचं नाही. त्यात त्याचा आकस काही नव्हता. विहीर त्याची होती, एवढंच.

वस्तीतून निवडून आलेले सदस्य सातपूरला एका कारखान्यात कामाला होते. आमच्याकडे कारखान्याला कंपनी म्हणत, म्हणून गावात त्यांचं नाव कंपनीवाले. वय तिशीचं, बोलणं कमी. सभा अकरा वाजता भरे आणि त्यांना बहुतेक पहिली पाळी असे. त्यामुळे ते अर्ज देत. अर्जात एकच मागणी असे: मुख्य पाइप मारुतीच्या आळीकडे वळतो तिथं, नाल्याच्या कोपऱ्यावर, एक टी ठेवा. टी म्हणजे पाइपाला फाटा काढायचा लोखंडी तुकडा. तो आत्ता बसवून तोंडाला झाकण ठोकून ठेवलं, तर वस्तीकडचा पाइप पुढे केव्हाही जोडता येणार होता. चर एकदा बुजवला आणि ठेकेदार गेला की भरलेली लाइन फोडायला कोणी परवानगी देणार नव्हतं.

हा अर्ज दर वेळी विषयपत्रिकेच्या शेवटच्या ओळीत जाई. त्या ओळीला ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणतात. तिच्यापर्यंत येईतो कोणाचा कांदा लासलगावला निघालेला असे, कोणाकडे पाहुणे आलेले असत. सदस्य उठत, कोरम मोडे आणि सभा तहकूब होई. कोणी नाही म्हटलं नव्हतं. नकाराचा ठराव कुठेच सापडला नसता.

फाल्गुनात चर नाल्याच्या कोपऱ्याजवळ येऊन ठेपला. त्या आठवड्यातल्या सभेला कंपनीवाले खाडा करून आले आणि बाकाच्या टोकाला बसले.

“आज कंपनी बंद का?” एका सदस्याने विचारलं.

“कंपनी चालू हाय. मी बंद हाय आज,” ते म्हणाले.

सात पुरुषांपैकी दोघे परगावी होते. पाच पुरुष आणि मी, असे सहा जण खोलीत होतो. नऊ जणांच्या पंचायतीला कोरम पाचाचा लागे. दिव्यांचे विषय झाले, बाजाराच्या ओट्यांचा झाला. ग्रामसेवकाने शेवटचा अर्ज वाचायला घेतला.

“टी पाहिजे म्हणत्यात,” उपसरपंच म्हणाले. “आरं, मंग स्टँडवर गाडी लागलीय ना चहाची. स्पेशल सांगा दोन.”

सगळे हसले. कंपनीवाले हसू संपेपर्यंत थांबले. “पाजा की. पण आधी पाणी लागंल ना चहाला.”

बाकावरचे दोन बागायतदार उठले. पिंपळगावला टेम्पो जायचा होता, माल भरून उभा होता. चपला शोधत एक जण म्हणाला, “नाना, तुम्ही काय ते बघा. आमची ना नाय.” आणि दोघे गेले.

खोलीत चार जण उरलो. सरपंचांनी चष्मा काढला. “कोरम नाय. सभा तहकूब. पुढच्या बुधवारी घेऊ.”

“बुधवारपर्यंत चर बुजतोय नाना.”

“मंग मी काय करू? एस्टिमेटात वस्ती नाय. तुम्हाला दिला की मळ्यातले येतील. टाकी केवढी हाय, ते पण बघा की.”

ही अडचण खरी होती. पण कंपनीवाले टाकीवर बोलले नाहीत. त्यांनी टेबलावरच्या हजेरीकडे बोट केलं. “गेलेले दोघं सोडले तरी बुकात पाच हाय.”

“पाचवं कोण?”

“काकू. सकाळी अंगठा झालाय. अंगठा हाय म्हणजे काकू सभेला हजर हायेत. नसतील तर खोडा, मी खोडलेल्यावर सही करतो. मागच्या सगळ्या सभांचे पण खोडा.”

ग्रामसेवक पेनचं टोपण लावत होते, ते थांबले. ठेकेदाराचं पहिलं बिल ज्या सभेत मंजूर झालं होतं, तिचा कोरम त्या अंगठ्यानेच भरला होता. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. उपसरपंचांनी बाहेर पाहिलं.

“मंग काय म्हणणं हाय?” सरपंचांनी विचारलं.

“हजर हायेत तर बोलवा. मी जात नाय तुमच्या घरी. ताईंनी जावं.”

मी गेले. सरपंचांच्या चुलती माळवदावर कुरडया घालत होत्या. साठी उलटलेली, हाताला चीक लागलेला. शिपायाला माझ्यामागे पाहून त्या म्हणाल्या, “सकाळी अंगठा दिला ना रं? आता काय पायाचा पाहिजे?”

मी काय झालं ते सांगितलं. त्या ऐकत एक कुरडई पुरी करून उठल्या. सुनेला म्हणाल्या, “राखण बस. कावळ्याला हात लावू देऊ नको.”

त्या खोलीत आल्या तेव्हा दोन्ही पुतणे उभे राहिले. उपसरपंचही नात्याने पुतणेच. त्या खुर्चीवर बसल्या आणि खोली एकदा नीट पाहून घेतली. पंचायतीच्या सदस्य होऊन त्यांना तिसरं वर्ष चालू होतं.

“काकू, तुम्ही कशाला तरास घेतला?” सरपंच म्हणाले.

“तूच रोज घेतोस ना माझं नाव. म्हटलं, बघावं कशापायी घेतोस.” मग त्या कंपनीवाल्यांकडे वळल्या. “काय रं, तुझा नळ झाला तर माझ्या दारचं पाणी कमी व्हईल का?”

“व्हईल काकू. एका टायमाला सोडलं तर व्हईल. व्हॉल्व्ह लावला आन् तुमचं झाल्यावर आमच्याकडं सोडलं तर नाय व्हणार.”

“आधी आमचं?”

“आधी तुमचं. आम्ही मागून घेतो. पण येऊ द्या.”

“आन् त्यो टी केवढा आसतो?”

त्यांनी दोन्ही हातांनी दाखवला. साधारण तान्ह्या पोराएवढा.

“एवढ्यापायी माझ्या कुरडया वाळायच्या राहिल्या,” काकू म्हणाल्या. “टाका की मंग. मला काय, माझं हो हाय.”

मी हो म्हटलं. कंपनीवाल्यांनी हात वर केला. पाचांपैकी तीन झाले. सरपंचांनी उपसरपंचांकडे पाहिलं, मग छताकडे. राजकारण त्यांना कळत होतं. ते ग्रामसेवकांना म्हणाले, “लिहा. सर्वानुमते मंजूर.”

पुढे मी नाशिकच्या एका दैनिकात जिल्ह्याच्या पानावर बरीच वर्षं काम केलं. तालुक्याच्या वार्ताहराकडून ‘सर्वानुमते’ हा शब्द असलेली बातमी आली की मी त्याला विचारत असे, उठून कोण गेलं होतं?

ठरावाने टी बसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा मुकादम कोपऱ्यावर पाइप जोडून चर बुजवायला निघाला. टी त्याच्याकडे नव्हता, एस्टिमेटात नव्हता आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कंपनीवाले चरात उतरले आणि पाइप जिथं वळत होता, तिथं मातीवर बसले. वस्तीतल्या पाच-सहा बायका काठावर बसल्या. मी गेले तेव्हा मुकादम हात जोडत होता.

“उठा ना साहेब. माणसं बसून हायेत. माझा रोज बुडतोय.”

“माझा पण बुडालाय. दुसरा. बसा तुम्ही पण.”

“किती वेळ?”

“टी येईस्तोवर.”

गावातली माणसं येऊन बघून जात होती. कोणी म्हणालं, कंपनीत युनियन शिकला, ती इथं चालवतोय. एका बाईने काठावरून उत्तर दिलं, “मंग तुम्ही शिका की भाऊ, फुकट हाय.” आवाज कोणाचा चढला नाही. दुपारी त्यांच्या बायकोने भाकरी आणली, ती त्यांनी चरातच खाल्ली. मुकादमालाही अर्धी देऊ केली. त्याने घेतली नाही, पण फावडी बाजूला ठेवायला सांगितली.

सरपंच सकाळच्या एसटीने नाशिकला गेले होते. ठराव त्यांच्या मनाविरुद्ध झाला होता, पण त्याखाली सही त्यांची होती आणि गावाचा ठराव कागदावर राहिला असं म्हणवून घ्यायला ते तयार नव्हते. ओव्हरसियरला गाठून त्यांनी चिठ्ठी घेतली, टी घेतला आणि दिवस कलताना ते स्टँडवरून चालत कोपऱ्यावर आले. टी गोणपाटात गुंडाळून शिपायाच्या खांद्यावर होता. तो चराच्या काठावर उतरवला.

“घ्या,” सरपंच म्हणाले. “तुमचा चहा आला.”

कंपनीवाले उठले, पँट झाडली. “लई उशीर लागला करायला,” म्हणाले. सरपंचांना हसू आलं. उजेड होता तोवर जोडणी झाली. टीच्या मोकळ्या तोंडावर झाकण आवळून वर माती ओढली.

चैत्र लागला आणि बागेच्या विहिरीचं पाणी शब्दाप्रमाणे बंद झालं. गावातले पाच नळ सुरू झाले होते. वस्तीला सगळ्यात जवळचा नळ मारुतीच्या आळीतला. पहिल्या दिवशी वस्तीतल्या बायका हंडे घेऊन तिथं रांगेत उभ्या राहिल्या. आळीतल्या बायका कुजबुजल्या, मग बोलल्या, मग भांडल्या. कंपनीवाल्यांची बायको रांगेतून हलली नाही. “नळ पंचायतीचा हाय ना? मंग भरते,” एवढंच ती दर वेळी म्हणे आणि हंडा पुढे सरकवी. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या पुन्हा आल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

त्या महिन्याच्या सभेत वस्तीचा पाइप तातडीने टाकावा अशी सूचना आली. ती मांडली टेम्पोसाठी उठून गेलेल्या दोघांपैकी एकाने, आणि दुसऱ्याने अनुमोदन दिलं. दोघांचीही घरं मारुतीच्या आळीत होती. पाइपाचा खर्च पंचायतीने करायचा, चर वस्तीने खणायचा, असं ठरलं. त्या सभेतून कोणीही लवकर गेलं नाही. काकू आल्या होत्या. बाकी वेळी त्या कधी येत, कधी येत नसत. त्यांचे गुडघे दुखत.

सातपूरच्या कारखान्यांना शनिवारी सुटी असे. वस्तीतले कामगार शनिवारी खणत. एरवी बायका खणत. जमीन मुरमाड होती, नाल्याच्या काठाला तर पहारीने ठिणग्या निघत. मृगाच्या आधी पाइप वस्तीत पोचला.

पाणी सोडायच्या दिवशी सरपंच आले, शिपायाच्या पिशवीत नारळ होता. नारळ फोडायचा की नाही, फोडायचा तर कोणी, यावर क्षणभर सगळे घुटमळले. वस्तीतली एक म्हातारी म्हणाली, “नाना, नारळ राहू द्या. आधी व्हॉल्व्ह सोडा.” व्हॉल्व्ह सोडला. नळ बराच वेळ नुसता फुरफुरला, मग गढूळ आलं आणि मग स्वच्छ. ज्या बायकांनी सगळ्यात आधी हंडे लावले होते, त्यांनी ते ओतून पुन्हा भरले.

कंपनीवाल्यांची पहिली पाळी होती. आधीचे खाडे झाल्यावर फोरमनने आणखी रजा दिली नव्हती. मी वस्तीतच थांबले होते, सरपंच निघून गेले होते. कंपनीवाले संध्याकाळच्या गाडीने उतरून थेट नळावर आले, खांद्याला डबा तसाच. पाण्याची वेळ केव्हाच संपली होती. त्यांनी तोटी फिरवली. दोन थेंब पडले.

“आलं का?” त्यांनी बायकोला विचारलं.

“आलं. सगळ्यांचं भरून झालं.”

ते वाकून नळाखालची जमीन बघू लागले. भरताना सांडलेल्या पाण्याने तिथं खळगा पडला होता. “खाली फरशी नाय केली,” ते म्हणाले. “पाण्याला वाट पण नाय काढली. पंधरा दिवसांत चिखल व्हईल इथं. ताई, पुढची सभा कधी हाय?”

मी सांगायच्या आत त्यांच्या बायकोने तांब्या त्यांच्या हातात दिला. “आधी प्या,” ती म्हणाली. “मंग भांडा.”