मुक्या मोटरचं गिऱ्हाईक

मुकेकाका मुके नव्हते. मुकी होती ती त्यांची मोटर. गल्लीने मालाचं नाव मालकाला चिकटवलं, आणि पुढे त्यांचं खरं नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही.

तीस वर्षं त्यांनी एकच वस्तू बनवली. मुठीत मावेल एवढी, संथ फिरणारी विजेची मोटर. आधी ती रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्रांत जायची, नंतर टेपरेकॉर्डरमध्ये. गाणं चालू असताना मोटरचा आवाज त्यात मिसळता कामा नये, एवढीच अट. काका प्रत्येक मोटरचा गाभा दोन पात्यांवर तोलून बघायचे, तेलात भिजवलेल्या लोकरी फेल्टच्या चकत्यांत बसवायचे. मग चालू मोटरच्या अंगाला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. काही ऐकू आलं, तर ती मोटर पुन्हा उघडायची. थोरला भाऊ गिऱ्हाइकं सांभाळायचा. दोघांच्या वाटचं तोच बोलायचा.

मग कुठलंही चाक न फिरता गाणी वाजू लागली. भाऊ म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक शोधू. आणि त्या शोधाच्या तयारीतच एका दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

तेव्हापासून मोटरी बनवायच्या शेडचा त्याचा अर्धा वाटा वहिनीचा. ती मागच्याच घरात राहायची. रोज अकराला थर्मास घेऊन यायची, स्टुलावर बसायची.

"काय भाऊजी, आज किती मोटरी विकल्या नाहीत?"

"चार बनवल्या."

"म्हणजे चारच विकल्या नाहीत. धंदा मंद दिसतोय."

काका चहा प्यायचे. दिवसभरात त्यांच्याशी झालेलं बोलणं बहुतेक एवढंच असायचं. घरी दोन खोल्या होत्या; एकीत ते असले की दुसरी रिकामी, एवढाच काय तो बदल.

एके दिवशी वहिनी थट्टा न करता बसली. "शेजारचा पॅकिंगवाला रोज फोन करतो. खोकी ठेवायला त्याला सगळी शेड हवीय. मी तीन महिने थांबते. तेवढ्यात मोटरला एक नवं गिऱ्हाईक दाखवा. नाहीतर देऊन टाकू."

"आणि मी?"

"तुम्ही घरी बसा. माणसं बसतात की."

काकांना घरी बसण्याची भीती वाटली. मरणाची वाटली नव्हती एवढी.

वहिनीच्या सांगण्यावरून त्यांनी पाटी करून घेतली. मजकूर होता 'येथे मुक्या मोटरी मिळतील'. रंगाऱ्याच्या हातून एक काना जास्त पडला आणि झालं 'मुक्या मोटारी'. पहिल्याच आठवड्यात दोघं जण सेकंडहँड गाडी बघायला आले. त्यातला एक म्हणाला, "हॉर्न नसेल तरी चालेल, ब्रेक आहे ना?" काकांनी त्यांना आत बोलावून मोटर दाखवली. पाहुणे चुकून आले असले तरी पाहुणेच होते.

मग पिशवीत तीन मोटरी टाकून ते हिंडू लागले. सोनाराने काचेतली दागिन्यांची फिरती बैठक दाखवली. ती बॅटरीवर चालत होती. अंडी उबवणारा म्हणाला, "माझ्या शेडमध्ये हजार पिल्लं ओरडतात. तुमची शांतता तिथे कोणाला ऐकवू?" घड्याळजीने मोटर कानाला लावली, कौतुकाने मान हलवली आणि परत दिली. सगळ्यांनी मान हलवली. कौतुकासारखी निरुपयोगी गोष्ट नाही, हे काकांना दुसऱ्या महिन्यात कळलं.

तिसऱ्या महिन्यात ते एका लहानशा शुश्रूषागृहात पोचले. तिथे एका खोलीत सहा खाटा होत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून खाटांवर हवेच्या गाद्या होत्या. त्यांतल्या नळ्या आळीपाळीने फुगायच्या, बसायच्या. हवा भरणारे पंप खाटेला अडकवलेले होते आणि सहाच्या सहा गुणगुणत होते. काका दारातच थांबले. हे त्यांचं गिऱ्हाईक होतं. इतकी वर्षं ते इथे पडून होतं आणि काका भलत्याच दारांत हिंडत होते.

"सिस्टर, हा आवाज मी काढून टाकू शकतो," ते म्हणाले.

सिस्टरचे डोळे झोपेने जड झाले होते. "काढा बाबा. माझ्या तर डोक्यात घुसलाय तो."

काकांनी बारा दिवसांत सहा पंप केले. मोटर एका रबरी भात्याला हळूहळू दाबायची, सोडायची. पंप बसवले त्या दुपारी खोलीत अशी शांतता झाली, की सिस्टरने आपोआप चपला काढल्या. घरी येताना काकांनी वाटेत दोनदा थांबून कारण नसताना मागे पाहिलं.

चौथ्या दिवशी सिस्टरचा फोन आला. "काका, पेशंट म्हणतायत सगळे पंप बंद पडलेत."

ते धावत गेले. सहाही पंप चालू होते. गाद्या भरत होत्या, बसत होत्या.

"दर पाच मिनिटांनी घंटी वाजवतात," सिस्टर म्हणाली. "बंद पडलं, बंद पडलं. मी सांगून थकले."

"मी हिरवा दिवा लावलाय की."

"जो पडून आहे त्याला छत दिसतं, काका. दिवा नाही."

चार नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना बोटाने जवळ बोलावलं. "तुम्हीच का ते, आवाज काढून नेणारे?"

"हो, आजी."

"आधीचं ते मेलं रात्रंदिवस कटकट करायचं. पण करायचं तरी. आता दुपारी सिस्टर जेवायला गेली ना, की वाटतं सगळे उठून गेले, आणि मला सांगायचं राहिलं."

काकांनी पंपावर तळवा टेकवला. "आवाज करणारी मोटर मला येत नाही," ते म्हणाले.

"शिका मग," आजी म्हणाल्या. "मी कुठे जातेय?"

वहिनीची मुदत संपायला नऊ दिवस होते. काकांनी पात्यांवर तोललेला गाभा मुद्दाम एका बाजूला जड केला. मोटर खडखडली. फेल्टची चकती पातळ केली, तेव्हा कण्हल्यासारखा आवाज आला. जी चूक काढण्यात हयात गेली, ती नेमकी किती करायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. तयार झालेल्या पाच मोटरी ते आजींकडे घेऊन गेले आणि एकेक चालवली.

"ही रागावलीय," आजी म्हणाल्या. "ही घाईत आहे. ही नको, ही रडकी." चौथी चालू झाल्यावर त्यांनी मान तिच्याकडे वळवली. म्हणाल्या, "ही बरी. शेजारच्या खोलीत कुणीतरी आहे, अशी."

सिस्टरने तिथल्या तिथे सांगितलं, सहाही तशाच करा; संस्थेच्या दुसऱ्या दोन घरांतही लागतील.

दुसऱ्या दिवशी अकराला वहिनी आली तेव्हा टेबलावर ती चौथी मोटर चालू होती. काका नव्या मोटरी तिच्या आवाजाशी जुळवून बघत होते. हळू घरघर, मध्ये जराशी अडखळ, पुन्हा घरघर.

"गिऱ्हाईक मिळालं, वहिनी. तीन घरं."

वहिनीने ऐकलं की नाही कळलं नाही. ती थर्मास हातातच धरून उभी होती.

"हे असंच झोपायचे," ती म्हणाली.

काकांना समजायला क्षणभर लागला. लहानपणी ते भावाचं घोरणं ऐकत एकाच खोलीत झोपले होते. घरघर, अडखळ, घरघर. त्यांच्या हाताला ते आठवत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं.

"बदलू का?"

"नको. त्या लोकांना आवडलंय ना?" तिने थर्मास टेबलावर ठेवला. "पॅकिंगवाल्याला मी नाही म्हणून सांगते. शेड राहू दे तुमची. फक्त मी आले की ते बंद ठेवत जा."

"ठेवतो."

त्यांनी ठेवलंही. अकराला ती दारात दिसली की ते एकेक बटण दाबत. पण सहा-सहा मोटरी बंद व्हायला वेळ लागे, आणि तेवढा वेळ वहिनी दाराबाहेर उभी राही. आत आल्यावर दोघांना काय बोलावं सुचत नसे. किती विकल्या नाहीत, हे आता विचारता येत नव्हतं. सगळ्याच विकल्या जात होत्या.

हळूहळू ती एक दिवसाआड येऊ लागली. मग अकराच्या सुमाराला थर्मास नुसताच उंबऱ्यावर असायचा. ती कधी आली, कधी गेली, हे मोटरींच्या आवाजात काकांना ऐकू येत नसे.