मिस्त्रींचा खरा खांब

आंधळगावचे आमचे सुतार मिस्त्री माणसाशी बोलण्याआधी त्याच्या दाराच्या चौकटीवर टिचकी मारतात. चौकट पोकळ वाजली, की मालकाबद्दलचं मतही तिथंच ठरतं.

वरठीला घर बांधताना मी त्यांना मोबाइलवर इंग्लंडमधलं एक जुनं घर दाखवलं. काळ्या लाकडांचा सांगाडा आणि मधे पांढऱ्या भिंती! माझ्या सिमेंटच्या भिंतीवर मला तशाच काळ्या पट्ट्या ठोकून हव्या होत्या. मिस्त्रींनी चित्र मोठं करून फक्त सांधे पाहिले.

"इथं लाकडानंच घर धरलं हाये, भाऊ. तुमची पट्टी काय धरते?"

"शोभा."

"मंग पेंटरले बलवा. मले कायले बलावलं?"

मी शरमून पोर्चला एक खरा खांब मागितला. त्यांनी सागवानी खांब उभा केला, खाचेत तुळई बसवली आणि लाकडी खुंटी ठोकली. खिळा एकही नाही. वर छप्पर चढलं, पण त्याला कामापुरते लावलेले टेकू अजून तसेच होते. मग स्वतः छपराखाली उभं राहून त्यांनी हातोडा माझ्याकडे दिला.

"टेकू पाडा."

"तुम्ही आधी बाजूला व्हा!"

"मी बाजूले झालो, त तुमाले भरोसा कसा येईन?"

मी डोळे मिटून हातोडा हाणला. टेकू धाडकन पडला. छप्पर जागेवरच होतं. मी हुश्श केलं.

"मांगचा टेकू राह्यला," मिस्त्री तंबाखू मळत म्हणाले. "आता डोळे उघडे ठेवून मारा."