चौथ्या ट्रॅकमधली मामी

विश्रामबागेतल्या कॅफेत दुपारी आम्ही सात-आठ जण जमलो होतो. कॉलेजातल्या माझ्या एका मित्राचा पहिला अल्बम येणार होता आणि त्याआधी तो जवळच्यांना ऐकवायचा होता. सगळं लॅपटॉपवर केलेलं, अंधारं संगीत. छातीत धडधडणारा बेस, त्यात चर्चची घंटा, कर्नाटकातली सनई, साखर कारखान्याचा भोंगा आणि माझ्या आजोळचा गजी नाचातला ढोल.

ढोल मीच दिला होता. आजोळ माण तालुक्यात, मेंढपाळांचं घर. माझी शाळा इंग्रजी, तिथली बोली मला अर्धीच कळते. म्हणून तिथं गेले की मी बोलत नाही, फोनवर रेकॉर्ड करत बसते. त्याला ढोल हवा होता. मी अख्खं फोल्डर न बघता पाठवून दिलं.

चौथ्या ट्रॅकला बेस थांबला आणि मामी रडायला लागली.

मामा गेला त्या दिवशीचं रडणं. आमच्याकडं मयताला नात्यातली बाई आली की घरातली बाई तिच्या गळ्यात पडून हेल काढून रडते. गेलेल्याशी बोलते, त्याच्या आठवणी सांगते. आलेलीनं त्याच सुरात साथ द्यायची असते. आईनं दिली. मग मामीनं माझ्याकडं हात केला. मला तसं रडता येत नाही. मी जागची हललेच नाही, ओढणीखाली फोन चालू ठेवून भिंतीला टेकून उभी राहिले. ऐकायला छान वाटत होतं म्हणून.

आता त्या हेलाचे तुकडे करून तेच तेच फिरवलं होतं. मामीचा श्वास तुटायचा तिथं ढोल बसवला होता. समोरची मुलगी डोळे मिटून मान डोलवत होती. कोल्ड कॉफीची स्ट्रॉ चघळत एकानं विचारलं, हे अरबी आहे का. मित्र अभिमानानं म्हणाला, माणदेशी.

तरी मी ट्रॅक संपू दिला. मग त्याला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, ते काढ, ती माझी मामी आहे. तो समजावत राहिला की आवाज ओळखू येत नाही, गावात हे कोण ऐकणार, आणि रेकॉर्ड तर तूच केलंस. शेवटी वैतागला.

"मग त्या जागी काय टाकू?"

"तुझ्या आईला रडव."

आयुष्यात एवढं वाईट मी कुणाला बोलले नव्हते. त्यानं ट्रॅक काढला. आता तो माझ्याशी बोलत नाही, आणि मला त्याचं तोंड बघवत नाही. माझं तरी कुठं बघवतं.

पुढच्या रविवारी आजोळी गेले. मामी कोकरांना पाला टाकत होती. मी सगळं सांगितलं, फोन लपवला होता तेही. ती शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पाला तसाच हातात धरून थांबली.

"मी काय काय म्हनले गं त्यात? मला कायबी आठवंना."

हेडफोन लावून मी ते निदान वीस वेळा ऐकलं होतं. मला त्यातलं एक वाक्य सांगता आलं नाही. चाल तेवढी पाठ होती.