दिवे पिणारं गाणं

गाडीत मोठा ॲम्प्लिफायर बसवून मी आमच्या गल्लीवर उपकार केले, तेव्हापासून गाण्याच्या प्रत्येक ठोक्याला पुढचे दिवे मंदावू लागले. काल वज्रेश्वरीच्या रस्त्यावर एक सायकलवाला अगदी बंपरपाशी आल्यावर दिसला. आज बायकोला घेऊन कोन गावच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. सायकलवाल्याचं सांगितलं. त्या म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि बॉनेटवर तळहात ठेवून अख्खं गाणं श्रद्धेने ऐकलं.

"सगळा करंट गाणंच पितंय, साहेब."

"मग मोठी बॅटरी टाका."

"टाकतो की. म्हंजे पुढच्या सायकलवाल्याला मरताना गाणं तरी नीट ऐकू येल."

त्याने जाड वायर टाकली आणि मला न विचारता आवाजाचा स्क्रू उलटा फिरवला.

परतताना दिवे स्थिर होते, गाणं बारीक. शेजारून बायको म्हणाली, "हळू चालवा."

महिनाभर ती हेच सांगत होती म्हणे.