यांच्या वाफ्यातलं बनियन

शिरगावच्या आमच्या वाडीत विहिरीकडचे वाफे माझे आणि कुंपणाकडचे यांचे. ही वाटणी भांडणातून झाली. मी शेणखतवाली, हे युरियावाले. हे म्हणायचे, "घमेली उचलून कंबर मोडते. मूठभर पांढरा दाणा टाक, चार दिवसांत पानं हिरवीगार!" मी म्हणायचे, "जमीन काय दारुडी हाय, सारखी पाजायला?" शेवटी वैतागून म्हणाले, "घे तुझी अर्धी. पण माझ्या वाफ्यात शेण टाकलंस तर मी गप नाय बसणार!"

हे गेले त्याला आता तीन वर्षं झाली. मुलगा बोईसरला कारखान्यात, त्याला पाळ्यांमधून सवड नाही. घरात बोलायला मी आणि भिंती. तरी यांच्या वाफ्यांना मी युरियाच देत राहिले. मिरची खुरटत चालली होती, माती पायाला खडखडीत लागायची. दिसत होतं मला, आंधळी नाही मी. पण तिथं शेण टाकायला हातच होईना. घरात यांचा तेवढाच एक शब्द चालायचा राहिला होता.

श्रावणात कृषी सहायक बाई आल्या. म्हणाल्या, "मातीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. शेणखत, पालापाचोळा हे त्यांचं जेवण. नुसता युरिया दिला तर पीक तेवढ्यापुरतं जेवतं, ते जीव मात्र उपाशी राहतात. सुती कपडा पुरून बघा. माती जिवंत असेल तर खाऊन टाकेल."

सुती कपडा आणू कुठून? माझ्या साड्या सगळ्या नायलॉनच्या. कपाटात यांची बनियनं होती, कुणाला द्यायचा धीर झाला नव्हता. दोन काढली, हुंगून पाहिली. नुसता डांबरगोळ्यांचा वास!

गणपती गेल्यावर एक माझ्या वाफ्यात पुरलं, एक यांच्या. सातपाटीची मासळीवाली मावशी कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"काय पुरतेस गं बाय? मांजर मेलं काय?"

"नवऱ्याचं बनियन."

ती टोपली सावरत चालती झाली. दुसऱ्या दिवशी मात्र पैसे न घेता बोंबील ठेवून गेली. बाईला वेड लागलं, असंच वाटलं असणार तिला.

दिवाळीच्या तोंडावर दोन्ही उकरली. माझ्या वाफ्यात शिलाईचे दोरे आणि गळ्याची पट्टी तेवढी हाताला लागली, भोवती गांडुळं वळवळत होती. बाकी सगळं मातीनं खाल्लेलं. यांच्या वाफ्यातलं अख्खं निघालं. मळलेलं, पण धुतलं तर घालता आलं असतं.

"बघा! सांगत होते ना मी?" मी मोठ्यानं ओरडले. जन्मभराचं भांडण जिंकले होते. आणि मेलं, हरणारं माणूसच जागेवर नाही! "बरं बाई, तूच शहाणी," एवढं तरी कुणी म्हणायला हवं होतं. बांधावर बसून पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी ते बनियन परत यांच्याच वाफ्यात ठेवलं आणि वर शेणखताचं पहिलं घमेलं ओतलं. मग थांबले. गप नाय बसणार म्हणाले होते ना? घराच्या दाराकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिले.

कुणी आलं नाही. मग दुसरं घमेलं ओतलं.