गुलाबी नेलपॉलिश

शेजारच्या लग्नघरात मुली नखं रंगवत बसल्यात. तो वास खिडकीतून आला आणि मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले.

त्या दिवशी सिकलसेलची तपासणी शिकवत होते. आम्ही एकमेकींची बोटं टोचली, काचेवर थेंब घेतला, वर पातळ काच ठेवली आणि हवा शिरू नये म्हणून कडा माझ्याच गुलाबी नेलपॉलिशनं बंद केल्या. थोड्या वेळानं मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या आणि खुशीत ओरडल्या, "अरे वा! आओ, सब देखो!" सगळ्या वर्गानं ओळ लावून माझं रक्त पाहिलं. शेवटी मीही पाहिलं. गोल पेशी विळ्यासारख्या वाकल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, तू फक्त वाहक आहेस, तुला काही होणार नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर लेकरू आजारी निघू शकतं.

संध्याकाळी मी आईला म्हटलं, धाकट्या बहिणीचं, पुष्पाचं, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं रक्त तपासून घेऊ. आई भडकली. "तोंड उघडू नोको! जमलेलं लगन मोडाचं हाये का तुले?"

लग्नात तिनं माझ्याकडून पुष्पाची नखं त्याच नेलपॉलिशच्या बाटलीतून रंगवून घेतली.

आता पुष्पाचा मुलगा हाडं दुखून कळवळतो, तेव्हा आई त्याचे पाय चेपत रडते, "देवानं असं कावून केलं वो?"

"देवाले कावून मधात आणून राहिली तू?" मी म्हणते.