बिनचिंधीची सुतळी

आरामखुर्ची हा शब्द शहराकडचा. आटगावजवळच्या माझ्या सुतारकामाच्या शेडमध्ये कोणी तो उच्चारला तर मी मान वर करत नाही. आमच्याकडे खुर्चीला माणसाचं नाव असतं. मास्तरांची खुर्ची, तलाठ्यांची खुर्ची. मास्तर जाऊन कैक वर्षं झाली, नातू तिच्या लांब हातांवर पाय टाकून मोबाइल बघतो, तरी ती मास्तरांचीच. कारण अशी खुर्ची मापाशिवाय होत नाही. माणूस आडवा झाला की डोकं, कोपर, टाच जिथल्या तिथे यायला हवं, नाहीतर झोप राहते बाजूला आणि मान धरते.

माप मी सुतळीवर घेतो. गिऱ्हाइकाला बाकावर निजवायचं, डोक्यापासून सुतळी ताणायची आणि कोपराला, गुडघ्याला, टाचेला एकेक गाठ मारायची. मग बायको त्या सुतळीला त्याच घरची चिंधी बांधायची. मास्तरांच्या धोतराची, तलाठ्यांच्या शर्टाची. "तुमाला रंधा सोडून कायच ध्यानात राहत नाय," म्हणायची. खोटं नव्हतं.

ती जाऊन तीन वर्षं झाली. दिवसभर रंधा बोलतो, संध्याकाळी तोही गप्प होतो. मग घर खायला उठतं.

गेल्या थंडीत मुरबाडकडच्या एका फार्महाउसवाल्याने सहा खुर्च्या सांगितल्या, पोहायच्या तलावाकाठी ठेवायला. कोणाच्या मापाच्या, असं विचारलं तर हसला. म्हणाला, कोणाच्याही करा, पाहुणे रोज वेगळे. वर मॉडेलचं नावही मागितलं, बोर्डावर लिहायला. कपाळ माझं! कोणाचीच नसलेली खुर्ची मी जन्मात केली नव्हती. खिळ्यावर एकच सुतळी बिनचिंधीची लटकत होती. ही कोणाचीच नाही, तर हीच बरी, म्हणून घेतली. तिची शेवटची गाठ दुहेरी होती. कोणत्या गाढवाने मारली म्हणून मी मनात शिवीही हासडली.

टेम्पोत घालून सहाही पोचवल्या. मालक आडवा झाला, तर डोकं खुर्चीच्या पाठीवरून मागे लटकलं आणि टाचा तिच्या लांब हातांच्या बाहेर गेल्या. तो चिडला. मीही चिडलो, माप विचारलं होतं की नाही म्हणून. तेवढ्यात तिथे स्वयंपाक करणारी बाई, चणीने लहानखुरी, उगाच बघू म्हणून एकीवर टेकली. डोकं, कोपर, टाच, सगळं बरोब्बर बसलं. डोळे मिटून म्हणाली, "काका, ही कोणा बाईच्या मापाची हाय."

मी खिशातली सुतळी काढून बघितली. दुहेरी गाठ. टाचेला सुतळी लावताच गुदगुल्या होऊन बायकोने पाय ओढला होता. गाठ चुकली, मी पुन्हा मारली. हलू नको म्हणून रागावलो, तशी ती आणखीच हसली. शिमग्यापर्यंत तुझी खुर्ची करतो, असं तिला सांगितलं होतं. मग मास्तरांची आली, तलाठ्यांची आली, शिमगे येत गेले. बाकीच्या सुतळ्यांना ती चिंध्या बांधत राहिली. स्वतःच्या सुतळीला कशाला बांधेल? ती तरी मला ओळखू येईल, असं तिला वाटलं असणार.

तिच्या मापाच्या सहा खुर्च्या केल्या, महिनाभर ती सुतळी हातात होती, आणि एकदाही ती आठवली नाही. मला माझीच लाज वाटली. तिथे तलावाकाठी उभ्याउभ्या रडू आलं, घाम पुसल्यासारखं केलं.

पाच खुर्च्या मालकाने ठेवून घेतल्या, बायकामाणसांना होतील म्हणून. एक मी परत आणली. घरी आल्यावर चिंधी शोधत बसलो. पण तिच्या साड्या मीच तेराव्यानंतर वाटून टाकल्या होत्या. सुतळी तशीच खिळ्याला लावली.

खुर्ची पडवीत आहे. मी तिच्यात बसत नाही, मला ती आखूड पडते. परवा खर्डीहून माझा जुना मित्र आला. उन्हाने दमला होता, थेट खुर्चीकडे वळला, पण आमची रीत ठाऊक असल्यामुळे आधी विचारलं, "कोणाची रे ही?"

"कारभारणीची."

तिच्या मातीला तो आला होता. चपला काढल्या आणि खाली जमिनीवर बसला.